वाचकांचे प्रश्न : पिकअप ट्रक, ट्रेलर आणि दारावरचा स्टिकर

ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे ट्रकमागे ओढायचे चाकांवरचे घर, घेऊन राष्ट्रीय उद्यानांची सहल कशी आखावी, यावर मागील अंकात लिहिल्यानंतर जी पत्रे आली, त्यांतील बहुतेक सहलीबद्दल नसून ट्रकबद्दल होती. ट्रकमध्ये कोणता बदल केला म्हणजे ट्रेलर अधिक चांगला ओढला जाईल, हा त्या सर्वांचा समान प्रश्न होता. म्हणून या वेळचे सदर याच विषयाला दिले आहे आणि मिळतीजुळती पत्रे एकत्र केली आहेत.

प्रश्न : माझ्याकडे साडेतीन लिटर इकोबूस्ट इंजिनाचा एफ-१५० आहे. कंपनीच्या तक्त्याप्रमाणे तो ११,००० पौंड ओढू शकतो. सामानासह ७,००० पौंड भरेल असा ट्रॅव्हल ट्रेलर आम्ही पसंत केला आहे. वर्कशॉपवाले म्हणतात, इंजिनाचे ट्यूनिंग करून घ्या, म्हणजे चढावर त्रास होणार नाही. आम्ही घरात चार माणसे आहोत. हा खर्च करावा का?
— एक वाचक, ऑस्टिन, टेक्सास

उत्तर : करू नये. ७,००० पौंडांचा ट्रेलर ओढण्यापुरती ताकद या इंजिनात मुळातच आहे. आपल्या ट्रकची अडचण बॉनेटखाली नसून मागच्या चाकांवर आहे, आणि ती कोणत्याही ट्यूनिंगने सुटणारी नाही.

ड्रायव्हरच्या बाजूचे दार उघडले की खांबावर एक पिवळा-पांढरा स्टिकर दिसतो. प्रवासी आणि सामान मिळून किती पौंडांहून अधिक भार ट्रकवर टाकू नये, याचा आकडा त्यावर छापलेला असतो. यालाच पेलोड म्हणतात. हा आकडा त्या विशिष्ट ट्रकसाठी काढलेला असतो. त्यामुळे एकाच मॉडेलच्या दोन ट्रकांपैकी एकाला काचेचे छत, चामड्याच्या सीट आणि बाजूच्या पायऱ्या असतील, तर दोघांच्या पेलोडमध्ये शे-दोनशे पौंडांचा फरक सहज पडतो. आपण पत्रात हा आकडा कळवलेला नाही, म्हणून चार दारांच्या फोर-बाय-फोर एफ-१५० मध्ये नेहमी आढळणारा १,५०० पौंड हा आकडा धरून हिशेब मांडतो.

ट्रेलरचा पुढचा दांडा हिचच्या, म्हणजे ट्रकमागच्या जोडणीच्या, गोळ्यावर जो भार टाकतो, तो टंग वेट. ट्रॅव्हल ट्रेलरच्या बाबतीत तो ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के असावा लागतो. ७,००० पौंडांना सुमारे १३ टक्के म्हणजे ९०० पौंड झाले. हिचचे लोखंड ९० पौंड, चार माणसे ६०० पौंड, मागच्या हौद्यात जनरेटर, सायकली आणि शेगडी मिळून २०० पौंड. बेरीज १,७९० पौंड होते, म्हणजे ट्रेलर ११,००० पौंडांच्या मर्यादेच्या कितीतरी आत असतानाही ट्रक २९० पौंडांनी जास्त भरलेला आहे. हाफ-टन, म्हणजे एफ-१५० सारख्या हलक्या वर्गातील, ट्रकच्या बाबतीत हे जवळजवळ नेहमीच घडते : ओढण्याची क्षमता शिल्लक राहते आणि वाहण्याची आधी संपते.

याचा अर्थ ११,००० हा आकडा खोटा आहे असा नाही. अमेरिकेतील कंपन्या आता हा आकडा एसएई या वाहन अभियंत्यांच्या संस्थेच्या जे-२८०७ या मानकाप्रमाणे काढतात. टोयोटाने २०११ च्या मॉडेलपासून ते प्रथम स्वीकारले आणि इतर कंपन्या मागाहून आल्या. या चाचणीत ॲरिझोनातील डेव्हिस धरणाजवळचा सुमारे ११ मैलांचा सलग चढ, एअर कंडिशनर पूर्ण चालू ठेवून, ताशी ४० मैलांच्या खाली न येता चढावा लागतो. इंजिन, गिअरबॉक्स आणि रेडिएटर यांची ती खरोखर कठोर परीक्षा आहे. परंतु त्या हिशेबात ट्रकमध्ये प्रत्येकी १५० पौंडांची दोनच माणसे धरलेली असतात. मागच्या सीटवरची मुले, आजी-आजोबा, पाण्याचे कॅन आणि डब्यांनी भरलेला कूलर त्यात कुठेच नसतो.

मग करावे काय? हौद्यातील २०० पौंड सामान ट्रेलरच्या धुऱ्यावर, म्हणजे चाकांच्या वरच्या कपाटात हलवावे. ट्रेलरची पाण्याची टाकी मुक्कामाच्या ठिकाणी भरावी. ४० गॅलन पाणी म्हणजे ३३० पौंडांहून जास्त वजन होते आणि टाकी धुऱ्याच्या पुढे असेल, तर त्याचा चांगलाच हिस्सा गोळ्यावर येतो. ट्रेलर अजून विकत घेतला नसेल, तर ५,५०० ते ६,००० पौंडांचा शोधावा. विक्रेता सांगतो ते कोरडे, म्हणजे पाणी-सामान न भरता केलेले, वजन असते, त्यावर विसंबू नये. आणि ट्रकच बदलणार असाल, तर अधिक पेलोडचे आणि टोइंगचे पॅकेज कारखान्यातूनच घेतलेला ट्रक पाहावा. मोठा रेडिएटर, भक्कम रिसीव्हर (हिच अडकवण्याची चौकट), योग्य ॲक्सल रेशो (ॲक्सलमधील गिअरचे प्रमाण) आणि ट्रेलरचे ब्रेक चालवणारा ब्रेक कंट्रोलर हे सगळे त्यात एकमेकांशी जुळवून दिलेले असते. हेच भाग पुढे एकेक करून बसवायला गेले, तर पैसे जास्त जातात आणि दारावरचा आकडा तसाच राहतो.

प्रश्न : ट्रेलर जोडला की ट्रकची मागची बाजू खाली बसते आणि रात्री समोरून येणारे लोक हेडलाइटमुळे चिडतात. मागे एअरबॅग, म्हणजे हवेच्या उशा बसवाव्यात, की वजन वाटून देणारे हिच घ्यावे? एअरबॅगमुळे पेलोड वाढतो का?
— एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी

उत्तर : शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो : वाढत नाही. एअरबॅग, जादा पट्ट्यांचे पाटे किंवा कडक शॉक ॲब्सॉर्बर बसवल्याने ट्रकची पाठ वर येते. परंतु ॲक्सल, चाकांची बेअरिंग, चासी आणि ब्रेक पूर्वीचेच राहतात, आणि कंपनीने ठरवलेली मर्यादा या सर्वांचा मिळून विचार करून ठरलेली असते.

एअरबॅगचा दुसरा दोष कमी लोकांच्या लक्षात येतो. गोळा मागच्या ॲक्सलच्या बराच मागे असल्याने त्यावरचा भार तरफेसारखे काम करतो आणि ट्रकचे नाक उचलतो. पुढच्या चाकांवरचे वजन घटले की स्टिअरिंग हलके लागते आणि ब्रेक दाबल्यावर पुढची चाके पुरेशी पकड घेत नाहीत. एअरबॅग मागची बाजू वर उचलते, त्यामुळे ट्रक दिसायला सरळ दिसतो, पण पुढच्या चाकांवरून गेलेले वजन परत येत नाही. वजन वाटून देणाऱ्या हिचमध्ये, ज्याला वेट डिस्ट्रिब्युशन हिच म्हणतात, दोन लवचिक पोलादी दांडे ट्रेलरच्या चौकटीला साखळीने किंवा कंसाने ताणून बांधलेले असतात. त्यांच्या ताणामुळे भाराचा काही भाग पुढे ट्रकच्या पुढच्या ॲक्सलवर आणि काही मागे ट्रेलरच्या धुऱ्यांवर सरकतो.

हे डोळ्यांनी पाहायचे असेल, तर हायवेवरच्या ट्रक स्टॉपवरील कॅट स्केल या वजनकाट्यावर जावे. तेथे ट्रकचा पुढचा ॲक्सल, मागचा ॲक्सल आणि ट्रेलर वेगवेगळ्या प्लेटांवर उभे राहतात आणि एकाच पावतीवर तीन आकडे मिळतात. तीन वेळा वजन करावे : ट्रेलर न जोडता, ट्रेलर जोडून पण दांडे न ताणता, आणि दांडे ताणून. वरच्या उत्तरातील ट्रक माणसे, सामान आणि हिच धरून नेला, तर पावत्या साधारण अशा येतील. नुसता ट्रक : पुढे ३,४०० आणि मागे ३,०४० पौंड. ट्रेलर जोडल्यावर : पुढे ३,०००, मागे ४,३४० आणि ट्रेलरच्या धुऱ्यांवर ६,१०० पौंड. म्हणजे ९०० पौंडांच्या टंग वेटने पुढचे ४०० पौंड उचलले आणि मागे १,३०० टाकले. दांडे ताणल्यावर : पुढे ३,२००, मागे ४,०४० आणि ट्रेलरवर ६,२०० पौंड. पुढच्या चाकांवरून गेलेले निम्मे वजन परत आले, मागचा ॲक्सल ३०० पौंडांनी हलका झाला आणि १०० पौंड ट्रेलरने स्वतःच्या अंगावर घेतले.

आता दुसरी बाजूही पाहावी. दांडे ताणल्यावरही ट्रकचे वजन ७,२४० पौंड आहे. त्याची कमाल मर्यादा ७,०५० असेल, तर तो अजून १९० पौंडांनी जास्तच आहे. चांगले हिच वजन वाटून देते, नाहीसे करत नाही.

पुढचे वजन किती परत आणावे, हे प्रत्येक कंपनी आपल्या पुस्तिकेत सांगते. दांडे जितके जास्त ताणावेत तितके चांगले, असे मुळीच नाही. अति ताणल्यास मागची चाके हलकी होऊन ओल्या रस्त्यावर घसरतात. रिसीव्हरच्या खाली चिकटवलेली पट्टीही वाकून वाचावी. अनेक हाफ-टन ट्रकांवर तेथे स्पष्ट लिहिलेले असते, की ५,००० पौंडांचा ट्रेलर किंवा ५०० पौंडांचे टंग वेट यांच्या पुढे वजन वाटून देणारे हिच लावलेच पाहिजे.

प्रश्न : हायवेवर मोठा ट्रक बाजूने गेला, की आमचा ट्रेलर शेपटी हलवल्यासारखा डावी-उजवीकडे झुलतो. पत्नीने आता त्या गाडीत बसायचेच नाही असे ठरवले आहे. जाड अँटी-रोल बार बसवला तर थांबेल का? आम्ही ताशी ६५ मैलांच्या आसपास चालवतो.
— एक वाचक, फ्रीमाँट, कॅलिफोर्निया

उत्तर : सौभाग्यवतींचा निर्णय योग्य आहे. ट्रकला काहीही बसवण्याआधी ट्रेलरमधील सामान कोठे ठेवले आहे ते पाहावे. पत्रासोबतच्या छायाचित्रात ट्रेलरच्या मागच्या बंपरवर चार सायकलींचा स्टँड दिसतो, आणि माझा पहिला संशय त्याच्यावर आहे. मागे भार जास्त झाला, की बैलगाडी उलाळ होऊन जू बैलांच्या मानेवरून वर उचलले जाते. येथेही तसेच घडून गोळ्यावरचा भार १० टक्क्यांच्या खाली जातो, आणि असा ट्रेलर वाऱ्याचा एक फटका बसताच झुलू लागतो. सायकली धुऱ्याच्या पुढे घ्याव्यात आणि टंग वेट मोजावे. ते मोजण्यास वेगळे यंत्र लागत नाही : दांडे न ताणता ट्रेलर जोडून ट्रकच्या दोन्ही ॲक्सलांची जी बेरीज येते, तिच्यातून नुसत्या ट्रकचे वजन वजा करावे. वरच्या उदाहरणात ३,००० अधिक ४,३४० वजा ६,४४० म्हणजे बरोबर ९०० पौंड.

नंतर टायर पाहावेत. हाफ-टन ट्रकला पुष्कळदा मोटारीसारखे मऊ बाजूंचे टायर असतात आणि भाराखाली त्यांच्या बाजू वळवळतात. त्यांच्या जागी एलटी (लाइट ट्रक) प्रकारचे, जास्त भार पेलणाऱ्या लोड रेंज ई चे टायर घातल्यास ट्रकची पाठ लक्षणीय स्थिर होते. मात्र तोच भार पेलण्यास एलटी टायरला जास्त हवा लागते, हे विसरून जुन्याच दाबावर चालवल्यास फायदा होण्याऐवजी टायर तापतो. ट्रेलरच्या टायरवर कमाल वेगाची खूणही पाहावी. खास ट्रेलरसाठीच्या जुन्या एसटी टायरांतील अनेक टायर ताशी ६५ मैलांपुरतेच बनवलेले आहेत. आणि वेगाबद्दल एक गोष्ट स्पष्टच सांगितली पाहिजे : कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढणाऱ्या वाहनाला ताशी ५५ मैलांची कायदेशीर मर्यादा आहे. आपला अर्धा त्रास ६५ वरून ५५ वर आल्यानेच जाईल.

घर्षणाने झुलणे रोखणारे हिच घेणे योग्यच आहे, पण ते चुकीच्या भरणीवर उपाय नव्हे. अँटी-रोल बार ट्रकचे कलंडणे कमी करतो. ट्रेलरचे झुलणे ही वेगळी गोष्ट आहे.

झुलणे सुरू झालेच, तर ट्रकचा ब्रेक जोरात दाबू नये आणि स्टिअरिंगने उलट-सुलट मारा करू नये. ॲक्सिलरेटर सोडावा, स्टिअरिंग सरळ धरावे आणि डॅशबोर्डवरील ब्रेक कंट्रोलरचा हाताचा दांडा दाबून फक्त ट्रेलरचे ब्रेक लावावेत; ट्रेलर मागून ओढला जाऊन रेषेत येतो. येथेच कंट्रोलरचा प्रकार महत्त्वाचा ठरतो. स्वस्त कंट्रोलर ठरावीक वेळेच्या हिशेबाने विजेचा प्रवाह वाढवतो, मग आपण सिग्नलला हळू थांबत असा की समोर हरीण आलेले असो. प्रमाणबद्ध कंट्रोलर ट्रक किती झपाट्याने मंदावतो आहे हे ओळखून त्या प्रमाणात ट्रेलरचे ब्रेक लावतो. दोघांच्या किमतीतील फरक एका टायरहून जास्त नसतो, आणि पहिला घेण्याचे एकही कारण मला दिसत नाही. बसवल्यावर रिकाम्या सपाट जागेत ताशी २० ते २५ मैलांवर हाताचा दांडा पूर्ण दाबून पाहावा. चाके अडकून घसटू लागेपर्यंत जोर वाढवत न्यावा आणि तेथून थोडा कमी करावा. ट्रेलरचे वजन बदलले की हे पुन्हा करावे.

कायद्याने ट्रेलरला ब्रेक कधी लागतात, हे राज्यागणिक बदलते. आपल्याकडे, कॅलिफोर्नियात, ट्रॅव्हल ट्रेलरला १,५०० पौंडांपासूनच लागतात. टेक्सासात ४,५०० पौंडांपर्यंत सूट आहे. ती सूट कायद्याची आहे, उताराची नव्हे.

प्रश्न : हाफ-टन ट्रकच्या हौद्यात हिच बसवून ८,००० पौंडांचा फिफ्थ व्हील ट्रेलर ओढता येईल का? तो जास्त स्थिर असतो असे वाचले आहे.
— एक वाचक, शार्लट, नॉर्थ कॅरोलिना

उत्तर : स्थिर असतो हे खरे, कारण त्याचा भार मागच्या ॲक्सलच्या जवळजवळ वरच येतो. परंतु तो भार एकूण वजनाच्या १५ ते २५ टक्के असतो. २० टक्क्यांनी १,६०० पौंड झाले, आणि आपण अजून ट्रकमध्ये बसलेलाही नाहीत. यासाठी त्यावरच्या वर्गांतील थ्री-क्वार्टर-टन किंवा वन-टन ट्रकच लागतो. तेथेही स्टिकर वाचूनच घ्यावा, कारण जड डिझेल इंजिन आणि महागडी सजावट असलेल्या थ्री-क्वार्टर-टनाचा पेलोड काही वेळा साध्या पेट्रोल ट्रकहून बराच कमी निघतो.

प्रश्न : माझ्या रॅम १५०० ला ५.७ लिटरचे हेमी इंजिन, ३.२१ चा ॲक्सल आणि हौसेने घातलेले ३५ इंची टायर आहेत. सपाटीवर ट्रेलर छान जातो. पण आय-७० वरून आयझेनहॉवर बोगद्याकडे चढताना इंजिन किंचाळते, गिअर सतत बदलत राहतात आणि गिअरबॉक्सचे तापमान वाढते. एअर इनटेक आणि एग्झॉस्ट बदलून ताकद वाढेल का?
— एक वाचक, डेन्व्हर, कोलोरॅडो

उत्तर : आपल्या चढावर इंजिनाला हवाच कमी मिळते, आणि इनटेकची रुंद नळी बसवल्याने डोंगरावरची हवा दाट होत नाही. टर्बो नसलेले इंजिन दर हजार फुटांना सुमारे ३ टक्के ताकद गमावते. बोगद्याचे पश्चिमेकडील तोंड ११,१५८ फुटांवर आहे. तेथे पोहोचेपर्यंत ३९५ अश्वशक्तीपैकी साधारण एक तृतीयांश गेलेली असते आणि २६५ च्या आसपास उरते. टर्बो इंजिन यातील बराचसा भाग भरून काढते, म्हणूनच आपल्या भागात ट्रेलर ओढणारे लोक टर्बोला पसंती देतात.

जी ताकद उरते ती चाकांपर्यंत कशी पोहोचते, हे मात्र आपल्या हातात आहे, आणि ते आपणच बिघडवून ठेवले आहे. कंपनीचे टायर सुमारे ३२ इंची होते. ३५ इंची टायर एका फेऱ्यात जास्त अंतर जातात, त्यामुळे ३.२१ चा ॲक्सल २.९३ चा असल्यासारखा वागतो. आधीच लांब असलेला गिअर आणखी लांब झाला. वरचे गिअर निरुपयोगी होतात, संगणक दोन गिअरांमध्ये डळमळत राहतो, इंजिन आणि गिअरबॉक्स यांना तेलातून जोडणारा टॉर्क कन्व्हर्टर पुन्हा पुन्हा सुटतो (अनलॉक होतो) आणि सुटलेल्या अवस्थेत तेल घुसळून जी शक्ती वाया जाते, तीच उष्णता म्हणून आपल्या तापमापकावर दिसते. शिवाय संगणकाला नवे माप सांगितले नसेल, तर काटा ६५ दाखवत असताना आपण प्रत्यक्षात ७१ ने जात आहात.

सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे ट्रेलरच्या मोसमापुरते ३२ इंची टायर परत घालणे. हौस सोडवत नसेल, तर ॲक्सलचे गिअर ३.९२ चे करावेत. याने चाकांवरचा जोर २२ टक्क्यांनी वाढतो आणि ३५ इंची टायरांसह परिणाम ३.५८ इतका मिळतो. फोर-बाय-फोर ट्रकला हे काम पुढच्या आणि मागच्या अशा दोन्ही डिफरेन्शियलमध्ये करावे लागते. दोन्हीकडचे रेशो वेगळे राहिले आणि फोर-व्हील लावले, तर ट्रान्सफर केसची वाट लागते. या बदलाने वेगाचा काटाही पुन्हा जुळवून घ्यावा लागतो. गिअर बसवणाऱ्याचा हात बसलेला असावा. दात नीट जुळले नाहीत, तर पहिल्या काही शे मैलांतच घुमणारा आवाज सुरू होतो.

गिअरबॉक्ससाठी जादा ऑइल कूलर बसवणे हा बदल मी निःसंकोच सुचवीन. तो रेडिएटरच्या पुढे, हवेच्या थेट मार्गात असावा आणि त्यात थंडीत तेल वळवून नेणारा थर्मोस्टॅट असावा, कारण कोलोरॅडोच्या जानेवारीत अति थंड तेलही गिअरबॉक्सला मानवत नाही. त्यासोबत तेल आणि फिल्टर पुस्तिकेतील जड वापराच्या तक्त्यानुसार लवकर बदलावेत. टो-हॉल मोड, म्हणजे ट्रेलर ओढण्यासाठीची गिअरबॉक्सची सेटिंग, चढायला लागण्याआधीच लावावा; त्यात संगणक खालचा गिअर धरून ठेवतो आणि कन्व्हर्टर लवकर लॉक करतो.

वेगाचाही विचार करावा. चौकोनी ट्रॅव्हल ट्रेलर हवेला जी भिंत उभी करतो, ती त्याच्या वजनाहून जास्त ताकद खाते. हवा कापण्यास लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. ६५ ऐवजी ७५ ने गेल्यास ती दीडपटीहून जास्त होते. म्हणूनच ७,००० पौंडांची बोट आणि ७,००० पौंडांचा ट्रॅव्हल ट्रेलर ही एकाच ट्रकमागची दोन अगदी वेगळी ओझी आहेत. चढावर ४५ ने उजव्या लेनमधून जाण्यात कोणाचीही अब्रू जात नाही.

बोगदा ओलांडून परत डेन्व्हरकडे उतरताना मात्र याच्या उलट प्रश्न येतो, आणि तो अधिक गंभीर आहे. उतार सुरू होण्याआधीच खालचा गिअर घ्यावा. ब्रेक सतत हलका दाबून ठेवू नये. वेग वाढला की एकदा ठाम दाबून कमी करावा आणि पुन्हा सोडावा, म्हणजे डिस्कला थंड होण्यास वेळ मिळतो. ब्रेक फ्लुइड हवेतील ओलावा शोषते आणि त्याचा उत्कलनबिंदू वर्षागणिक खाली येतो. डोंगरात ट्रेलर नेणाऱ्याने ते दोन वर्षांहून जुने ठेवू नये. ट्रक उचलण्याचे किट पुढेमागे बसवण्याचा विचार असेल, तर तो सोडून द्यावा : गोळा उंच होतो, ट्रेलर नाक वर करून चालतो आणि वजन वाटण्याचा सगळा हिशेब बिघडतो.

प्रश्न : डिझेल ट्रकचा डीपीएफ आणि ईजीआर (धुरातील काजळी आणि घातक वायू कमी करणारी उपकरणे) काढून टाकला तर ओढण्याची ताकद वाढते आणि इंजिन थंड राहते, असे मित्र सांगतात. खरे आहे का?
— एक वाचक, कोलंबस, ओहायो

उत्तर : एग्झॉस्टमधील अडथळा काढला आणि इंधन वाढवले की ताकद वाढते, हे खरे आहे. पण हे काम अमेरिकेच्या क्लीन एअर ॲक्टच्या विरुद्ध आहे, आणि विकणारा व बसवणारा दोघेही त्यात सापडतात. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०२० मध्ये केलेल्या अंदाजानुसार, मागील दहा वर्षांत साडेपाच लाखांहून अधिक डिझेल पिकअपवरील प्रदूषण नियंत्रण उपकरणे अशा रीतीने काढली गेली होती. पुष्कळांनी केले म्हणून ते करावे, असे होत नाही. ट्रेलरच्या दृष्टीने पाहिले, तरी आजच्या डिझेल ट्रकला ताकदीची वानवा नसते. त्याच्या एग्झॉस्ट ब्रेकचा वापर शिकून घ्यावा. उतारावर तो बटण दाबताच जे काम करतो, त्यापुढे वाढीव अश्वशक्ती फिकी आहे.

प्रश्न : येथे दुकानदार जीव्हीएम (वाहनाची कमाल वजनमर्यादा) अपग्रेड करून देतात आणि त्याला सरकारी मान्यताही मिळते. माझ्या यूटची (पिकअपची) ओढण्याची मर्यादा ३,५०० किलो, जीव्हीएम ३,१०० आणि जीसीएम ६,००० किलो आहे. अपग्रेड करून ३,५०० किलोचे जीव्हीएम घेतले, तर मोठी कॅरॅव्हॅन (ट्रॅव्हल ट्रेलर) ओढता येईल ना?
— एक वाचक, मेलबर्न, ऑस्ट्रेलिया

उत्तर : अमेरिकेतील वाचकांना ज्याचा हेवा वाटेल, अशी सोय आपल्याकडे आहे. ऑस्ट्रेलियात मान्यताप्राप्त स्प्रिंग, शॉक आणि गरजेप्रमाणे इतर भाग बसवून वाहनाची कमाल वजनमर्यादा कागदोपत्री वाढवून घेता येते. परंतु आपण जो निष्कर्ष काढला आहे, तो उलटा आहे.

जीसीएम म्हणजे यूट आणि कॅरॅव्हॅन मिळून रस्त्यावर पडणारे सर्व वजन. आज यूट गोळ्यावरच्या ३०० किलोसह ३,१०० किलो भरली, तर कॅरॅव्हॅनच्या चाकांवर २,९०० किलो येऊ शकतात. गोळ्यावरचे ३०० धरून कॅरॅव्हॅन ३,२०० किलोची झाली. अपग्रेडनंतर यूट ३,५०० किलोपर्यंत भरली आणि जीसीएम ६,००० च राहिले, तर कॅरॅव्हॅनच्या चाकांसाठी २,५०० उरतात आणि तिचे एकूण वजन २,८०० वर येते. यूट जड झाली, कॅरॅव्हॅन ४०० किलोने घटली. काही किटांना जीसीएम वाढीची मान्यताही असते. दुकानदाराकडे त्याचे प्रमाणपत्र मागावे आणि आपल्या राज्यात ते चालते का, याची नोंदणी कार्यालयात खात्री करावी. तोंडी आश्वासन विम्याच्या दाव्यात उपयोगी पडत नाही. ३,५०० हा आकडा जाहिरातीत ठळक असतो, पण कुटुंब, बुलबार, छतावरचा तंबू आणि दुसरी बॅटरी लादलेल्या यूटला तो क्वचितच गाठता येतो.

कॅरॅव्हॅनचे वजन २,००० किलोच्या वर असल्याने तिच्या सर्व चाकांना ब्रेक आणि जोड सुटल्यास आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा बंधनकारक आहे. त्या यंत्रणेची छोटी बॅटरी प्रवासाआधी तपासावी. ती मृतावस्थेत सापडण्याचे प्रमाण आश्चर्यकारक आहे.

प्रश्न : माझा मुलगा अमेरिकेत ट्रकला हिच लावून ट्रेलर ओढतो. मी द्राक्षाचे क्रेट नेण्यासाठी माझ्या पिकअपला येथील फॅब्रिकेटरकडून हूक वेल्ड करून दोनचाकी ट्रॉली जोडावी म्हणतो. चालेल का?
— एक बागायतदार, निफाड, जि. नाशिक

उत्तर : दादा, असे करू नये. भारतात मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे वाहनाच्या मूळ रचनेत परस्पर बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालणार नाहीत, असे स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलामागे मालकाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात.

कायदा बाजूला ठेवला, तरी चासीवर वेल्डिंग केल्याने त्या जागेचे पोलाद ठिसूळ होते आणि तडा नेमका भाराच्या जागी जातो. ट्रॉलीला ब्रेक नसतील, तर बागेतून भरलेला माल घेऊन उतरताना तिचा सगळा रेटा पिकअपच्या पाठीवर येतो; आणि पिकअपच्या पुस्तिकेत ट्रेलर ओढण्याची क्षमता दिलेलीच नसेल, तर ती शून्य समजावी. क्रेट जास्त असतील, तर एक फेरी वाढवावी किंवा मोठ्या हौद्याची गाडी भाड्याने घ्यावी. ट्रेलरच हवा असेल, तर कंपनीने आपल्या मॉडेलसाठी हिच मंजूर केले आहे का, हे लेखी विचारावे, ट्रेलरची वेगळी नोंदणी होईल का हे आरटीओत पाहावे, आणि ही दोन्ही उत्तरे हातात येईपर्यंत फॅब्रिकेटरला चासीला हात लावू देऊ नये.